२४ सेलो, ९६ तारा आणि ड्वोरझाकचं लार्गो

तिसऱ्या तालमीत लार्गोच्या शेवटाजवळची ती जागा आली, जिथे मुख्य सूर अर्ध्यातच तुटतो, सगळे थांबतात, मग पुन्हा दोन-चार सूर, पुन्हा थांबणं. सगळ्यांनी बो (गज) उचलले आणि तरी खोली शांत झाली नाही. लांब कुठेतरी तंबोरा लावून ठेवलाय असा मंद गोड आवाज येत राहिला, दोन-तीन सेकंद तरी. वाजवत कुणीच नव्हतं. मागच्या रांगेतले काका म्हणाले, "अहो, हे थांबतच नाहीये." त्यांच्या या एका वाक्याने माझी अख्खी अरेंजमेंट मुळापासून बदलली, म्हणून काय झालं ते पहिल्यापासून लिहून ठेवतेय.

काम असं होतं की २४ सेलो (व्हायोलिनचं मोठं, मांडीशी धरून वाजवायचं भावंड) वाजवणारे एकत्र आलेत, दुसरं कुठलंही वाद्य नाही, आणि त्यांच्यासाठी एखाद्या रोमँटिक काळातल्या सिंफनीची संथ मूव्हमेंट (सिंफनीचा एक स्वतंत्र भाग) बसवायची. वादकांची तयारी सारखी नव्हती. सात-आठ जण थंब पोझिशनमध्ये (अंगठा तारेवर ठेवून उंच सूर काढताना) आरामात फिरणारे, दहा-बारा जण चौथ्या पोझिशनपर्यंत (त्याहून खालच्या सुरांपर्यंत) भरवशाचे, आणि उरलेले खालच्या तारांवर छान पण वर गेले की घाबरणारे. तालमी मिळणार होत्या सहा.

निवडीवर बराच वेळ गेला. ब्राम्सच्या दुसऱ्या सिंफनीचं अडाजिओ (संथ भाग) पहिलं डोळ्यासमोर आलं कारण ते सुरूच सेलोंपासून होतं, पण तिथे सेलोंच्या सुराच्या उलट दिशेने 'बसून' या फुंकवाद्याची ओळ चालते आणि पुढे इतक्या ओळी एकमेकींत गुंततात की सगळ्या एकाच वाद्यावर आणल्या तर गाळ होणार हे दिसत होतं. ब्रुकनरच्या सातवीचं अडाजिओ मला जिवापाड आवडतं, पण ते २० मिनिटांच्या पुढे जातं आणि त्यातल्या चार वॅग्नर ट्युबांचा (पितळी वाद्यांचा) रंग सेलोवर कुठून आणणार. चायकोव्हस्कीच्या पाचवीतला हॉर्नचा सोलो सेलोवर सुंदर वाजतो, फक्त पुढचे मोठे क्लायमॅक्स आमच्या गटाला पेलले नसते. शेवटी ड्वोरझाकच्या नवव्या सिंफनीचं लार्गो, म्हणजे तिची संथ मूव्हमेंट, ठरलं. साधारण १२ मिनिटं, सूर जेमतेम एका सप्तकात फिरणारा, आणि बहुतेक भाग हळू आवाजातला.

ही सिंफनी ड्वोरझाकने १८९३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिहिली, तेव्हा तो तिथल्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होता. १६ डिसेंबर १८९३ ला कार्नेगी हॉलमध्ये अँटन सायडलने ती पहिल्यांदा सादर केली. लार्गोचा सूर जुनं लोकगीत आहे असं कितीतरी जण समजतात, पण तो ड्वोरझाकचा स्वतःचाच आहे, शब्द त्याला नंतर जोडले गेले.

फक्त सेलोंसाठी लिहिण्याची परंपरा तशी चांगली जुनी आहे. क्लेंगेलने १९२० मध्ये १२ सेलोंसाठी हिम्नुस लिहिलं, व्हिला-लोबोसने १९३० मध्ये सेलोंच्या ऑर्केस्ट्रासाठी बाखियानास ब्राझिलेइरास क्रमांक १ लिहिलं, आणि बर्लिन फिलहार्मोनिकचे १२ सेलिस्ट १९७२ पासून एकत्र वाजवतायत. पण क्लेंगेल आणि व्हिला-लोबोस दोघेही स्वतः सेलोवादक होते, त्यांना पहिल्या सुरापासून माहीत होतं की सगळं सेलोवरच वाजणार आहे. माझ्या हातात मात्र असं काहीतरी होतं जे वेगवेगळ्या वाद्यांच्या रंगांवर उभं आहे. पितळी वाद्यांच्या कॉर्ड्सने (एकत्र वाजणाऱ्या सुरांनी) सुरुवात, मग कॉर अँग्लेचा (ओबोच्या खालच्या सुरातल्या भावंडाचा) सोलो, मधल्या भागात बासरी, ओबो, क्लॅरिनेट, आणि अगदी शेवटची कॉर्ड एकट्या डबल बेसची, चार भागात विभागलेली. ट्युबा तर पूर्ण सिंफनीत फक्त याच मूव्हमेंटमध्ये मोजकेच सूर वाजवतो, इतका विशिष्ट रंग त्याला हवा होता. हे सगळे रंग काढून टाकले की उरतं काय, हा खरा प्रश्न.

पहिला मोठा निर्णय मी चुकीचा घेतला. लार्गोचा सा डी-फ्लॅट आहे आणि सेलोच्या मोकळ्या तारा आहेत सी, जी, डी आणि ए. डी-फ्लॅट मेजरच्या सात सुरांपैकी फक्त सी ही एकच मोकळी तार त्यात बसते, तीही शेवटचा सूर म्हणून. म्हणजे कुठेच मोकळी तार छेडता येत नाही, आपण सुरात आहोत का हे पटकन तपासायला आधार नाही, आणि पहिल्या बोटाला सारखं मागे ओढावं लागतं. कमी तयारीच्या लोकांना हा त्रास कशाला, म्हणून मी सगळं अर्धा सूर वर नेलं, डी मेजरमध्ये. पाच फ्लॅटच्या (कोमल खुणांच्या) जागी दोन शार्प (तीव्र खुणा) आले, मधला सी-शार्प मायनरचा भाग डी मायनर झाला, आणि वाचायला सगळ्यांना एकदम सोपं पडलं. पहिल्या तालमीत जे काही घुमलं ना, लोक वाजवता वाजवता हसत होते आनंदाने. मलाही वाटलं की निम्मं काम इथेच झालं.

पण त्याच तालमीत दुसरी गोष्ट फसली. मी सगळ्यांना समान वाटणी करून दिली होती, आठ पार्ट आणि प्रत्येकाला तिघं, म्हणजे कुणाला कमी-जास्त वाटायला नको. कॉर अँग्लेचा सूर पहिल्या तिघांना, बाकी २१ जण साथीला. सूर ऐकूच आला नाही. तो गाळात बुडून गेला, कारण साथ आणि सूर एकाच वाद्याचे, जवळजवळ एकाच पट्टीतले, आणि साथीला सातपट माणसं. ऑर्केस्ट्रात कॉर अँग्ले एकटं असूनही सगळ्यांवरून ऐकू येतं कारण त्याचा आवाजच वेगळा, त्याला जोर लावावा लागत नाही. इथे ते वेगळेपण मला दुसरीकडून आणायचं होतं.

दुसऱ्या तालमीआधी मी पूर्ण पार्ट फाडून नवीन केले. एक सोलो. वरच्या ओळीला पाच जण, मधल्या तीन ओळींना चार-चार, आणि खर्जाला सहा. एक अधिक २३. दोघांची ओळ मुद्दाम कुठेही ठेवली नाही, कारण दोन सेलो एकाच सुरावर असले की त्यांच्यातला बारीकसा फरक कानाला सगळ्यात जास्त टोचतो, एकटा असेल तर स्वच्छ, तीन-चार असतील तर मिसळून जातो, दोन मात्र अवघड. आणि सोलोच्या खाली २३ जण नाहीत, फक्त आठ जण, तेही म्यूट (आवाज दाबणारी चिमटी) लावून. ड्वोरझाकने स्वतः इथे तंतुवाद्यांना म्यूट लावायला सांगितलंय, ते मी पहिल्या वेळी सोयीसाठी सोडून दिलं होतं, ती माझी चूकच.

सोलोचं एक जवळून सांगते कारण त्यात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मूळ पट्टीत सूर सुरू होतो मधल्या सी च्या वरच्या एफ ला, तिथून ए-फ्लॅटला जातो आणि खाली उतरत डी-फ्लॅटवर येतो. सेलोवर हे सरळ ए तारेवर येतं आणि ए तार म्हणजे उजळ, गाणारी, मोकळ्या गळ्याची. आमच्या सोलो वाजवणाऱ्या ताईने तसंच वाजवलं, फार सुंदर वाजवलं, पण ते सेलोचा सोलो वाटलं, आणि आजूबाजूला सेलोच असल्यामुळे त्याचं एकटेपण गेलं. मग तिला म्हटलं, तुम्ही हीच ओळ डी तारेवर वर जाऊन घ्याल का? म्हणजे तारेच्या मध्याच्याही पुढे, अंगठा तारेवर टेकवून. तिथे डी तार थोडी नाकातून बोलते, थोडी गुदमरलेली, कडा बोथट झालेली, आणि कॉर अँग्लेच्या अगदी जवळ जाते. तिने एकदा वाजवून बघितलं आणि वाजवतानाच मान वर करून माझ्याकडे बघितलं, तिलाही कळलं होतं. पुढे सूर बी-फ्लॅट, वरचा डी-फ्लॅट असा चढतो तिथे डी तारेवर फारच उंच जावं लागतं, तर तेवढ्यापुरतं ए तारेवर यायचं, त्यामुळे त्या ओळीला एकदम उजेड पडल्यासारखा होतो आणि परत खाली आलं की डी तार, परत सावली. हे मी कागदावर ठरवलेलं नव्हतं, ते हातातून आलं.

सुरुवातीचा कोराल, म्हणजे त्या पितळी कॉर्ड्स, दुसऱ्या प्रकारे अवघड होता. लार्गो ई मेजरपासून सुरू होतं आणि चार-पाच मापांत (ताल मोजायच्या तुकड्यांत) डी-फ्लॅटला पोहोचतं, म्हणजे दूरच्या घरातून आपल्या घरी आल्यासारखं. ट्रॉम्बोन-ट्युबाच्या खालच्या कॉर्ड्स जशाच्या तशा सेलोंना दिल्या तर गुरगुर ऐकू येते, विशेषतः कॉर्डचा तिसरा सूर मूळ सुराच्या लगेच वर खर्जात असेल तर. त्यासाठी खाली फक्त मूळ सूर आणि पाचवा किंवा सप्तक ठेवलं, तिसरा सूर उचलून वर नेला. पण इथे एक सापळा आहे. डबल बेस नाही, सेलोची सी च्या खाली तार नाही, त्यामुळे जिथे मूळ खर्ज त्याच्याही खाली जातो तिथे तो एक सप्तक वर घ्यावा लागतो, आणि वर घेतला की कधीकधी दुसरी एखादी ओळ त्याच्या खाली राहते. ऐकायला सूर तेच, पण सगळ्यात खालचा सूर बदलला की कॉर्डचा पायाच बदलतो, भक्कम उभी असलेली कॉर्ड एका पायावर तोललेली वाटायला लागते. माझ्या पहिल्या मसुद्यात हे तीन ठिकाणी झालं होतं. त्यानंतर मी प्रत्येक कॉर्डचा सगळ्यात खालचा सूर वेगळ्या कागदावर लिहून काढला आणि मूळ स्कोअरशी एक-एक करून जुळवला. अतिशय कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून चालत नाही.

सी तार खाली उतरवून बघायचाही मोह झाला. शूमनने पियानो क्वार्टेटच्या संथ भागात सेलोला सी तार बी-फ्लॅटपर्यंत उतरवायला सांगितलीये, कोदायच्या सोलो सोनाटामध्ये सी आणि जी दोन्ही अर्धा सूर खाली आहेत. म्हणजे रीत आहे. खर्जातल्या दोघांनी करून पाहिलं. मोठ्या आवाजात ठीक वाजलं, पण कोराल हळू आवाजातला, आणि सैल तारेवर हलका बो ठेवला की सूर लागायलाच वेळ लागतो आणि लागला तरी डुलतो. सोडून दिलं.

कोरालमध्ये व्हायब्रेटो (बोट हलवून सूर थरथरवणं) पूर्ण बंद ठेवला. लोकांना हे पचायला जड गेलं कारण सेलो म्हटलं की हात आपोआप हलतो. आणि अजून एक, मोठ्या गटात साधारणपणे प्रत्येकजण बोची दिशा वेगवेगळ्या वेळी बदलतो म्हणजे आवाज तुटत नाही, पण पितळी वाद्यं वाजवणारे एकत्र श्वास घेतात, म्हणून आम्ही दोन कॉर्ड्सच्या मध्ये सगळ्यांनी मिळून बो उचलायचा ठरवलं. श्वास खरोखर घ्यायचा, नाकाने, ऐकू येईल असा. एवढ्याने कोराल सेलोंचा असूनही पितळी वाटायला लागला.

मधल्या भागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बासरी-ओबोची ओळ एक सप्तक खाली आणावी लागली, खालच्या ट्रेमोलोला (बो झपाट्याने मागे-पुढे करून काढलेल्या थरथरत्या सुरांना) फक्त चार जण ठेवले आणि त्यांना बो फिंगरबोर्डवर (बोटं जिथे दाबतात त्या पट्टीवर) न्यायला सांगितलं. पुढे क्लॅरिनेटच्या दोन ओळींखाली डबल बेस पिझिकाटोने (बोटाने तार छेडत) चालतात, ते खर्जाच्या सहा जणांनी जसंच्या तसं घेतलं आणि तो भाग पहिल्याच प्रयत्नात बसला, सेलोचं पिझिकाटो असतंच मुळी इतकं गोल.

आता परत त्या तिसऱ्या तालमीकडे. लार्गोच्या शेवटी मुख्य सूर परत येतो, साथ कमी होत होत मोजकेच वादक उरतात आणि मग सूर वाक्याच्या मध्येच थांबतो. ड्वोरझाकने तिथे चक्क मोकळी जागा लिहिलीये, वर थांबण्याची खूण. बोलता बोलता माणसाचा गळा भरून यावा आणि शब्द फुटू नये, तसं. माझ्या मते पूर्ण सिंफनीतली सगळ्यात मोठी जागा ती आहे, आणि आमच्याकडे तिथे तंबोरा वाजत होता.

कारण कळायला थोडा वेळ लागला, पण कळल्यावर सरळ होतं. २४ सेलो म्हणजे ९६ तारा. त्यातले वाजवत होते तिघं-चौघं, बाकी वीस जण सेलो मांडीशी धरून गप्प बसलेले, आणि त्यांच्या मोकळ्या तारा सारंगीच्या तरफांसारख्या आपोआप झंकारत होत्या. डी मेजरमध्ये सा डी, पंचम ए, मध्यम जी, तिन्ही मोकळ्या तारांचे सूर. सोलोने डी वाजवला की खोलीतल्या २४ डी तारा थरथरणार, ए वाजवला की २४ ए तारा. जे घुमणं पहिल्या तालमीत आम्हाला इतकं आवडलं होतं तेच शेवटी शांतता खाऊन टाकत होतं.

पहिला उपाय केला की जे वाजवत नाहीत त्यांनी डाव्या हाताचा तळवा तारांवर हलकेच ठेवायचा. आवाज बराच कमी झाला. पण त्या नेमक्या क्षणी वीस हात एकदम हलले की बघणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं, आणि जे वाजवत असतात त्यांच्या स्वतःच्या बाकीच्या तारा तर तशाच राहतात. मी आणि कंडक्टर सर तालीम संपल्यावर थांबलो. ते म्हणाले, "मूळ पट्टीत एकदा ऐकूया का?" सोलो ताई आणि अजून तिघं थांबले होते, त्यांनी शेवटचे दहा-बारा मापं डी-फ्लॅटमध्ये अंदाजाने वाजवली. बाकीचे सेलो खुर्च्यांना टेकवून ठेवलेले होते. सूर तुटला आणि खोली खरोखर गप्प झाली. बाहेरच्या पंख्याची घरघर ऐकू आली, इतकी गप्प.

डी-फ्लॅट, एफ, ए-फ्लॅट, हे सूर सेलोच्या मोकळ्या तारांना जवळजवळ जागंच करत नाहीत. जी गोष्ट मला सुरुवातीला अडचण वाटली होती, कुठेच मोकळी तार न मिळणं, तीच इथे हवी होती. पट्टी बदलली की आवाज उंच-खाली होतो एवढंच मी मनात धरलं होतं, पण एकाच वाद्याची चोवीस नगं एका खोलीत असतात तेव्हा पट्टी बदलली की खोलीच बदलते.

तीन तालमी राहिलेल्या असताना सगळ्यांना सांगायचं की आता सगळं अर्धा सूर खाली आणि पाच फ्लॅट, हे सोपं नव्हतं. दोन-तीन जण नाराज झाले आणि त्यांचं बरोबरच होतं, त्यांनी घरी मेहनत केली होती. मी सगळ्यांसमोर दोन्ही पट्ट्यांमध्ये तो शेवट वाजवून दाखवायला लावला, समजवण्यात वेळ घालवला नाही. ऐकल्यावर काका म्हणाले, "घ्या खाली, करू आपण." त्यानंतर प्रत्येक तालमीची पहिली दहा मिनिटं फक्त डी-फ्लॅट मेजरचा आरोह-अवरोह, खर्जाचे सहा जण डी-फ्लॅट लांब धरून आणि बाकीचे त्यावर हळूहळू चढत-उतरत. मधल्या ओळींची बोटं मी स्वतः प्रत्येक पार्टवर पेन्सिलने लिहिली, टेनर क्लेफ (उंच सुरांसाठीची लेखनपद्धत) ज्यांना येत नव्हता त्यांचे पार्ट बेस क्लेफमध्ये परत काढले. चौथी तालीम फार वाईट गेली, कोरालमध्ये दर दोन कॉर्डला सूर घसरत होता. पाचवीत बसलं.

गप्प बसण्याचाही प्रश्न होता, तो वेगळा. सोलोच्या वेळी १५ जण बऱ्याच वेळ काहीच वाजवत नाहीत. एकजण स्पष्ट म्हणाले की एवढ्या लांबून येऊन बसून राहायचं का. मी पार्ट असे फिरवले की सोलोखाली जे गप्प, ते कोरालमध्ये आहेतच, आणि सूर परत येतो तेव्हा साथीचे आठ जण वेगळे. पण खरं सांगायचं तर पट्टी बदलल्यानंतर ही तक्रार आपोआप थांबली, कारण आता गप्प बसणाऱ्यालाही कळत होतं की आपण गप्प आहोत म्हणून ते ऐकू येतंय.

कार्यक्रमात काय झालं ते जसं झालं तसं सांगते. कोराल चांगला, पहिली कॉर्ड किंचित खाली. सोलो उत्तम. क्लायमॅक्सला, जिथे ट्रॉम्बोन पहिल्या मूव्हमेंटचा सूर घेऊन आत घुसतात, तिथे आम्ही कमी पडलो. चोवीसच्या चोवीस जण पूर्ण जोर लावून वाजवत होते आणि आवाज मोठा झाला, पण रुंद झाला नाही, त्यात कुणी दार उघडून आत आल्याचा धक्का नव्हता. त्यात एका सेलोवर ब्रिजमागे (घोडीमागे) सरकवून ठेवलेला रबरी म्यूट तारेला लागून झिणझिणत होता. पुढच्या वेळी तो सूर दोन सप्तकांत विभागून, निम्मे लोक जी आणि सी तारांवर आणि निम्मे वर, असं करून बघणार आहे, आणि त्या मापांत बाकी सगळ्या ओळी काढूनच टाकणार आहे.

शेवटची जागा आली. सूर तुटला. शांतता. परत दोन सूर, परत शांतता. श्रोत्यांमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. मग कोराल परत येऊन विरला आणि उरली ती डबल बेसची शेवटची कॉर्ड. डबल बेसचा आवाज तिथे दुरून येतो, पोकळ, लाकडी, आणि तेच सूर सेलोवर घेतले तर अगदी साधे, जवळचे वाटतात. म्हणून ती आम्ही सगळ्यात मागच्या रांगेतल्या चौघांना दिली, प्रत्येकाला एक सूर, म्यूट लावून, व्हायब्रेटो नाही, आणि बो इतका फिंगरबोर्डवर की तार जेमतेम घासते. खालचा डी-फ्लॅट काकांकडे होता. बाकी वीस जण पुढे, बो मांडीवर. कॉर्ड संपल्यावर काकांचा बो तारेवरच राहिला, त्यांनी तो उचलला नाही, आणि ते उचलत नाहीत तोवर कुणीच हललं नाही.